मिशेलिनचा रेडियल १९४९चा, मग आपले ट्रक इतकी वर्षं नायलॉनवर का राहिले?

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. टायर म्हटलं की आपल्याकडे बोलणं ब्रँड आणि भाव यांवर संपतं. कुठला टाकू, कितीला पडेल, एवढंच. मला आज टायरच्या आत काय असतं यावर बोलायचंय, आणि त्यासाठी मिशेलिनसारखी दुसरी कंपनी नाही.

थोडक्यात पार्श्वभूमी. फ्रान्समधलं क्लेर्मों-फेराँ हे गाव. तिथला आजोळचा डबघाईला आलेला कारखाना १८८९मध्ये आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या भावांनी सावरला. थोरला आंद्रे इंजिनिअर, धाकटा एदुआर चित्रकार. १८९१मध्ये त्यांनी सायकलचा काढता-घालता येणारा टायर काढला. १८९५मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरवर मोटार उतरवली. त्या गाडीचं वाटेत पंक्चरवर पंक्चर होत राहिलं, पण मोटार हवेवर चालू शकते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

आणि मग १९४६चं रेडियलचं पेटंट. १९४९मध्ये तो 'एक्स' या नावाने बाजारात आला. आधीच्या टायरमध्ये, म्हणजे ज्याला आपले ट्रकवाले 'नायलॉन' म्हणतात त्यात, दोऱ्यांचे थर तिरके असतात आणि एकाआड एक उलट्या दिशेने जातात. चाक फिरताना हे थर एकमेकांशी झटापट करतात, त्यातून उष्णता होते. बाजू दबली की तिच्याबरोबर ट्रेडही, म्हणजे रस्त्याला टेकणारा भागही, वेडावाकडा होतो. रेडियलमध्ये दोर एका बीडपासून (टायरची रिममध्ये बसणारी कड) दुसऱ्या बीडपर्यंत सरळ आडवे जातात, आणि ट्रेडच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजूने वाकायचं, तळाने ताठ राहायचं. दोन कामं दोन भागांना वाटून दिली. हवेच्या टायरनंतरचा सगळ्यात मोठा शोध हाच, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न असा, की इतकी उघड चांगली गोष्ट आपल्या ट्रकपर्यंत यायला अर्धं शतक का लागलं? विसावं शतक संपतानाही हमरस्त्यावरचे बहुतेक ट्रक नायलॉनवरच होते. 'रस्ते खराब' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. प्रत्यक्ष धंद्यातल्या माणसांनी लिहावं.

सायकलवेडा

सुरेख विषय! ट्रकबद्दल जाणकार लिहितील, मी सायकलचा भाग वाढवतो. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाचे लोक इथे आहेत, त्यांना आवडेल.

डनलॉपने १८८८मध्ये हवेचा टायर काढला खरा, पण तो रिमला चिकटवलेला असायचा. असाच पंक्चर झालेला टायर घेऊन एक सायकलस्वार मिशेलिनच्या कारखान्यात आला. दुरुस्तीला काही तास गेले आणि डिंक वाळायला अख्खी रात्र. दुसऱ्या दिवशी एदुआर ती सायकल घेऊन निघाला तर थोड्याच अंतरावर पुन्हा हवा गेली. पण तेवढ्या वेळात हवेवर चालण्याचं सुख त्याला कळलं होतं. टायर चांगला आहे, तो चिकटवणं वाईट आहे, हे त्याने ओळखलं.

मग १८९१च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ त्यांच्या टायरवर जिंकला. पुढच्या वर्षी भावांनी स्वतःच पॅरिस ते क्लेर्मों शर्यत भरवली आणि वाटेत मुद्दाम खिळे टाकून ठेवले. पंक्चर किती पटकन निघतं ते दाखवायला!

पेठेतला पम्या

खिळे टाकायची आयडिया फ्रान्सची होय! आणि मी उगाच आमच्या चौकावर संशय घेत होतो. 😀

निगडीचा गाडीवान

घाटवाटसाहेब, वडिलांपासून आमच्या गाड्या आहेत, ट्रान्सपोर्टनगरला बसतो. तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो.

नायलॉन टायरची बाजू जाड असते, थरावर थर. दगड लागला, फुटपाथला घासली, तरी गाडी घरी येते. रेडियल ट्रक टायरच्या बाजूला पोलादी तारांचा एकच थर. त्याला खोल चीर गेली की टायर भंगारात. आमचा माल असायचा खडी, वाळू, लोखंड. खाणीत आत जायचं, टोकदार दगडांवरून बाहेर यायचं. तिथे रेडियल घालणं म्हणजे पैसे मातीत.

दुसरं ओव्हरलोड. पासिंग (कागदावर मंजूर वजन) एवढं, माल तेवढा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जादा वजन नायलॉन कुरकुरत सोसतो. रेडियलची बाजू मुळातच वाकणारी, तिच्यावर दीडपट वजन टाकलं तर ती किती वाकेल? तार थकते आणि तुटते.

तिसरं म्हणजे भाव. रेडियल महाग. तो जास्त चालतो, डिझेल वाचवतो, हे कंपनीचा माणूस पटवून सांगायचा. पण सहा टायर एकदम बदलायचे पैसे त्या दिवशी खिशात लागतात. वाचलेलं डिझेल नंतर दिसतं, हप्ता महिन्याच्या महिन्याला भरावा लागतो.

घाटवाट

गाडीवानदादा, याच उत्तरासाठी धागा काढला होता. एक विचारतो: सहाऐवजी दोनच रेडियल घालून बघायचे, असं का करत नव्हता कोणी?

निगडीचा गाडीवान

करायचे की! आणि तिथेच फसायचे. मागच्या जोडीत एक नायलॉन आणि एक रेडियल घातला की दोघांचं दबणं वेगळं. एकावर जास्त भार येतो, तो तापतो. मग नाव रेडियलचं खराब. एका एक्सलवर दोन जाती कधीच घालू नयेत. आम्ही ड्रायव्हरला पहिल्या दिवशी हे सांगतो.

रिमोल्डवाले

गाडीवानभाऊंना अनुमोदन. माझा टायर रिट्रेडिंगचा धंदा आहे, आमच्या बाजूचं कारण सांगतो. ते फारसं कोणी बोलत नाही.

ट्रकवाला टायर एका आयुष्यासाठी घेत नाही. ट्रेड गोटा झाला की घासून वर नवीन रबर चढवायचं आणि पुन्हा पळवायचा. नायलॉनसाठी गावोगावी साचे होते, कारागीर होते, बघून सांगणारी नजर होती. रेडियलचं केसिंग, म्हणजे ट्रेडखालचा मूळ सांगाडा, तपासायला वेगळी नजर लागते, आणि ती तयार व्हायला वर्षं गेली.

माझ्याकडे केसिंग आलं की मी ते स्प्रेडरवर, म्हणजे टायर फाकवणाऱ्या यंत्रावर, ताणतो, आत दिवा धरतो आणि हाताने चाचपत पूर्ण गोल फिरतो. खिळ्याचं जुनं भोक सापडलं की थांबायचं. मालकाने बाहेरून रबराची वात खुपसून काम भागवलेलं असतं. भोकातून पाणी आत जातं, तारेला गंज धरतो. त्या तारेवर पितळेचा मुलामा असतो, रबर त्यालाच धरून राहतं. गंज आला की पकड सुटते आणि रबर तारेपासून अलग व्हायला लागतं. बाहेरून टायर देखणा, आतून पोकळ. तिथे अंगठा दाबला की किंचित मऊ लागतं. असं केसिंग मी परत करतो. मालक चिडतो, म्हणतो 'अजून दोन खेपा काढल्या असत्या'. चिडू दे.

उलट चांगलं जपलेलं रेडियल केसिंग नायलॉनपेक्षा जास्त वेळा रिट्रेड होतं. हवा वेळेवर आणि पंक्चर आतून नीट काढलेलं, एवढंच मागणं.

गौरी_कोथरूड

वाचून अंगावर काटा आला, समृद्धीवर टायर फुटल्याच्या बातम्या आठवल्या. रिमोल्डवाले काका, हवा कमी असेल तर नक्की काय होतं?

रिमोल्डवाले

गौरीताई, हवा कमी म्हणजे बाजू जास्त वाकणार. ताशी १२०ने चाललात तर ते वाकणं मिनिटाला हजाराच्या आसपास वेळा होतं. प्रत्येक वेळी थोडी उष्णता, आणि न थांबता पळत राहिलात तर ती पुरती बाहेर पडत नाही. काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर माणूस तासन्‌तास थांबत नाही, म्हणून तिथे जुनं दुखणं बाहेर येतं. हवा थंड टायरमध्ये बघायची, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. गाडी पळवून आल्यावर प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा सोडायची नाही.

ट्रकवाल्यांसाठी आणखी एक. कमी हवेवर पळवलेल्या रेडियलमध्ये हवा भरताना बाजूतून तडतड आवाज आला तर त्या तारा तुटत आहेत. हात लावू नका, दुरूनच हवा सोडा. बाजू बॅगेच्या चेनसारखी उलगडत फाटते. माझ्याकडे लोखंडी पिंजऱ्याशिवाय ट्रकच्या टायरमध्ये हवा भरत नाहीत, घाई कितीही असो.

मेधा_रसायन

मी पॉलिमरमध्ये काम करते. तारांबद्दल पुष्कळ बोलणं झालं, थोडं रबराचंही होऊ दे.

मिशेलिनचा तो गुबगुबीत माणूस, बिबेंडम, पांढरा का आहे? १८९८मध्ये तो जन्माला आला तेव्हा टायर फिकट रंगाचेच असायचे. काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, नंतर आली. ती रंगासाठी घालत नाहीत, तिच्यामुळे रबर झिजायला कितीतरी पट चिवट होतं. टायर काळे झाले तरी हा गडी पांढराच राहिला. पहिल्या जाहिरातीत त्याच्या हातात खिळ्यांनी आणि काचांनी भरलेला पेला होता. टायर अडथळे पिऊन टाकतो, असा अर्थ.

आणि घाटवाट, तुमच्या 'सगळ्यात मोठा शोध' याला माझा विरोध नोंदवते. १९९२मध्ये मिशेलिनने काजळीचा मोठा भाग काढून सिलिका घातलेला टायर आणला. तोवर रबर बनवणाऱ्यापुढे तिढा असायचा: चाक फिरताना होणारा विरोध कमी करावा तर ओल्या रस्त्यावरची पकड जाते, पकड वाढवावी तर इंधन जातं. सिलिकाने दोन्ही एकाच वेळी सुधारलं. पण ती रबरात सहज मिसळत नाही, आपापसात गोळे करते. तिला रबराशी बांधायला सिलेन नावाचं रसायन लागतं आणि मिक्सरमध्येच, नेमक्या तापमानाला, ही प्रक्रिया घडवावी लागते. तापमान थोडं वर गेलं की रबर मिक्सरमध्येच पिकायला, म्हणजे घट्ट व्हायला लागतं. हे साधणं रेडियलइतकंच अवघड होतं. दिसत नाही म्हणून त्याचं कौतुक होत नाही.

घाटवाट

मेधाताई, सिलिकाचं महत्त्व मान्य. पण सिलिकाचा फायदा उठवायला आधी न घासणारा सांगाडा हवा. नायलॉनच्या थरांमध्ये ती घातली असती तर उष्णता थरांच्या घासण्यातून झालीच असती. म्हणून क्रम लावायचा तर मी रेडियलला वर ठेवतो.

मेधा_रसायन

क्रम लावायचाच तर १८३९च्या व्हल्कनायझेशनपासून, म्हणजे गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्यापासून लावा! गुडइयर नसता तर तुमचे दोर कशात बसवले असते?

घाटवाट

हे बिनतोड आहे. 🙏

भूतकाळी

थोडं इतिहासाचं. त्या आजोळच्या कारखान्यात रबर आलं ते एका बाईमुळे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. भागीदार दोब्रे याची बायको एलिझाबेथ ही रेनकोटवाल्या चार्ल्स मॅकिंटॉशची पुतणी. मुलांना खेळायला तिने रबराचे चेंडू करून दिले, आणि शेतीची अवजारं बनवणारा कारखाना रबराकडे वळला.

तसंच 'रेडियल मिशेलिनने शोधला' यात भर घालायला हवी. ग्रे आणि स्लोपर या इंग्रजांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारालाच अशा रचनेचं पेटंट घेतलं होतं. ते कागदावर राहिलं. मिशेलिनने तो रस्त्यावर आणला.

घाटवाट

भूतकाळी, ही नोंद हवीच होती. आणि त्यामुळे मारियुस मिन्योलचं काम मला जास्तच मोठं वाटतं. हा माणूस मिशेलिनच्या छापखान्यात कामाला लागला होता. टायरमध्ये उष्णता नेमकी कुठे होते हे मोजण्यासाठी त्याने एक विचित्र टायर केला: बाजूंच्या जागी विरळ, सरळ, आडव्या पोलादी तारा. दिसायला पिंजरा, म्हणून त्याला माश्यांचा पिंजरा म्हणायचे. तो पळवला तर बाजू जवळजवळ तापलीच नाही. म्हणजे उष्णतेचं मूळ थरांच्या आपसातल्या घासण्यात होतं. बाकी सगळं त्यातून निघालं. आणि हे कधी, तर फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना. क्लेर्मोंच्या कारखान्यावर १९४४मध्ये ब्रिटिशांचे बॉम्बही पडले.

उपाय डोक्यात ठेवून त्याने प्रयोग केला नव्हता. आधी मोजलं. मला या गोष्टीतलं हेच फार भावतं.

चाकणकर

मिशेलिन मिशेलिन काय लावलंय, आमच्या चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना आहे, त्यांचंही नाव घ्या की! शोजिरो इशिबाशींच्या घरचा धंदा पायमोजे शिवण्याचा. त्यांनी त्याला रबराचा तळ लावला, कामगारांमध्ये ते तुफान खपले, आणि तिथून १९३१मध्ये जपानच्या कुरुमे गावात टायर कंपनी निघाली. १९८८मध्ये त्याच कंपनीने अमेरिकेची फायरस्टोन विकत घेतली, २६० कोटी डॉलरना.

पेठेतला पम्या

आणि आमच्या एमआरएफची सुरुवात फुग्यांपासून! १९४६, मद्रास, मम्मेन माप्पिल्लै. चेंडू, मोजे, फुगे. टायरवाल्यांचं बालपण मजेत गेलेलं दिसतंय.

खवय्या_सदाशिव

मी हॉटेलांवर लिहिणारा माणूस, मला मिशेलिन ठाऊक ते उत्तम हॉटेलांना त्यांची गाइड देते त्या ताऱ्यांमुळे. १९००मध्ये मोटारवाल्यांसाठी फुकट वाटलेली गाइड: नकाशे, टायर कसा बदलायचा, पेट्रोल कुठे मिळेल, मुक्काम कुठे करावा. लोक जास्त फिरले की टायर जास्त झिजतील, हा हिशेब. तारे १९२६पासून. टायर कंपनीच्या शिक्क्यासाठी जगभरचे बल्लवाचार्य जिवाचं रान करतात, याहून मोठा शोध कुठला?

निगडीचा गाडीवान

खवय्येसाहेब, आमची गाइड म्हणजे ड्रायव्हर. ज्या धाब्यावर ट्रकची रांग, तिथे जेवायचं. ताऱ्याची गरज नाही.

सायकलवेडा

गाइडबरोबर रस्त्यांचंही श्रेय द्या. रस्त्यांना क्रमांक द्यावेत म्हणून मिशेलिनने १९१२मध्ये लोकांच्या सह्या गोळा करून सरकारकडे अर्ज केला. गावांच्या नावाच्या पाट्या, नकाशे, सगळं केलं. टायर नुसता बनवून भागत नाही, तो जिथे चालणार ते जगही तयार करावं लागतं, हे या लोकांना कळलं होतं.

घाटवाट

सायकलवेडा यांनी मला मूळ प्रश्नावर परत आणलं. 'तो जिथे चालणार ते जग.'

अमेरिकेनेही रेडियल उशिरा घेतला, आणि तिथे रस्त्यांची तक्रार नव्हती. नायलॉनचा टायर सरळ ड्रमवर बनतो आणि नंतर फुगवून आकार देतात. रेडियलला आधी फुगवून मग पट्टे बसवावे लागतात, म्हणजे यंत्रंच वेगळी. उभा असलेला अख्खा कारखाना मोडीत काढायचा कोणी? म्हणून त्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस मधला मार्ग काढला: तिरके थर तेच, वर फक्त पट्टा. तो फार टिकला नाही. १९७०मध्ये लिंकनच्या एका मोटारीवर मिशेलिनचे रेडियल कारखान्यातूनच बसून आले आणि वारं फिरलं. अमेरिकी गाड्यांचं सस्पेन्शनही जुन्या टायरला जुळवलेलं, ते बदलावं लागलं. मिशेलिनला ही अडचण कमी होती, कारण १९३०च्या दशकाच्या मध्यापासून सित्रोएन ही मोटार कंपनीच त्यांच्या हातात होती. गाडी आणि टायर दोन्ही एकमेकांना जुळवता आले.

म्हणजे आपल्या ट्रकवाल्याला 'मागासलेला' म्हणायचं कारण नाही. त्याच्याभोवती रेडियलचं जग नव्हतं.

भूतकाळी

सहमत, पण त्याला पूर्ण सोडू नका. ओव्हरलोड हे त्याच्याभोवतीचं जग नव्हतं, तो त्याचा निर्णय होता.

निगडीचा गाडीवान

भूतकाळी, निर्णय एकट्याचा नव्हता. माल देणारा टनामागे भाव इतका पाडायचा की पासिंगप्रमाणे भरलं तर खेप तोट्यात. वजन मी भरायचो, भाव तो ठरवायचा. २००५मध्ये सुप्रीम कोर्टाने ओव्हरलोडच्या परवानग्यांना चाप लावला तेव्हा आमच्यात बोंबाबोंब झाली, पण आज बघतो तर त्याच सुमारापासून गणित बदललं. पुणे-बेंगळुरू रस्ता चौपदरी झाला. सातारा, कोल्हापूर एका दमात व्हायला लागलं. लांब पल्ला, एकसारखा वेग, पासिंगइतकं वजन. तिथे नायलॉन तापायचा आणि रेडियल थंड राहायचा, ते ड्रायव्हरलाच कळायला लागलं. आम्ही लांबच्या गाड्या रेडियलवर नेल्या.

खाणीच्या गाड्यांवर मात्र मी अजूनही नायलॉन ठेवतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

रिमोल्डवाले

एक राहिलं. रेडियलची बाजू हवा बरोबर असतानाही थोडी फुगलेली दिसते. सुरुवातीला ड्रायव्हर ते बघून 'हवा कमी आहे' म्हणायचे आणि जादा हवा भरायचे. मग ट्रेड मधोमध झिजायचा आणि मालक म्हणायचा, रेडियल चालत नाही. कित्येक टायर असे वाया गेले. गेज वापरा, डोळ्यांवर जाऊ नका.

गौरी_कोथरूड

आत्ताच खाली जाऊन आमच्या गाडीचा टायर वाचून आले. १९५/६५ आर १५, पुढे ९१ व्ही. यातला 'आर' म्हणजेच रेडियल ना? बाकीचं काय? आणि एका बाजूला चार आकडे आहेत, २३१९.

मेधा_रसायन

हो, तोच आर. १९५ मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलोपर्यंत भार, व्ही म्हणजे ताशी २४०पर्यंतचा वेग. २३१९ ही जन्मतारीख: २०१९चा तेविसावा आठवडा. गौरी, ट्रेड कितीही खोल दिसला तरी रबर वयाने कडक होतं. बाजूला बारीक भेगा दिसतात का बघ, आणि समृद्धीवर जायच्या आधी कोणाकडून तरी आतून तपासून घे.

गौरी_कोथरूड

भेगा आहेत, व्हॉल्व्हच्या बाजूला जास्त. स्टेपनी तर त्याहून जुनी निघाली. रिमोल्डवाले काका, तुमच्याकडे कारचे टायर तपासून मिळतील का?

रिमोल्डवाले

मी ट्रकचंच काम करतो ताई. पण ट्यूबलेस टायर रिमवरून उतरवून आतून बघणारा कुठलाही नीट टायरवाला चालेल. बाहेरून बघून 'चालेल अजून' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आणि त्या भेगा ऐकून सांगतो, चारही बदलायची तयारी ठेवून जा.